मांडवात दारू कुठून आली? : घरी केलेल्या नाचाच्या गाण्याचे अभिप्राय

माझे हळदीचे गाणे ज्या रात्री पूर्ण झाले त्याच रात्री मी ते सात जणांना पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सातही जणांची उत्तरे आली. त्यांत तीन ‘छान’ होते, दोन ‘एक नंबर’ होते, एक अंगठा होता आणि एक लाल साडीत नाचणाऱ्या बाईचे चित्र होते. या उत्तरांत माया भरपूर होती, परंतु गाण्यात नेमके काय दुरुस्त करावे याचा त्यांत कुठेही पत्ता नव्हता. दोष त्या सातांचा नव्हता. मी ‘कसं वाटलं?’ असे विचारले होते, आणि आपल्याकडे या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर असते. घरच्या बाईने पोहे कसे झालेत असे विचारल्यावर मीठ कमी पडले आहे असे पाहुणा सांगत नाही. तो मुकाट्याने लिंबू पिळतो. मला त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे काही उपयोगाचे कळले, ते लोकांनी लिंबू कुठे पिळले हे पाहून कळले.

आधी गाण्याविषयी थोडे सांगतो. पनवेल तालुक्यातल्या आमच्या आगरी गावात लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी असते आणि त्या रात्री जे वाजते ते ऐकण्यासाठी नसते, नाचण्यासाठी असते. गाणे सहा मात्रांच्या ठेक्यात आहे, मिनिटाला ११२ ठोके या लयीत आहे आणि काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून, गायले आहे. मुख्य आवाज धाकट्या बहिणीचा, कोरस चार चुलत भावंडांचा, ढोलकी चुलत भावाची आणि बेंजो गावातल्या बेंजो पार्टीतल्या वादकाचा. आमच्याकडचा हा बेंजो म्हणजे पाश्चात्त्य बँजो नव्हे. तो बुलबुलतरंगाच्या कुळातला, कळा दाबून वाजवायचा आणि विजेवर जोडायचा प्रकार आहे. किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस (सर्वांत खालचे, जड स्वर) मी संगणकावर केले. एक मायक्रोफोन विकत घेतलेला, एक उसना, माइक संगणकाला जोडणारा दोन वाटांचा ऑडिओ इंटरफेस, मध्यम प्रतीचे स्पीकर आणि दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी खोली, ज्यात पलंगही आहे आणि कपड्यांचे कपाटही आहे, एवढा सगळा सरंजाम होता.

पहिला खरा अभिप्राय एका शेजारच्या हळदीत मिळाला. डीजे चालवणारा मुलगा ओळखीचा होता. मी त्याच्या हातात पेन ड्राइव्ह दिला आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो. गाणे सुरू झाले, लोकांनी हात वर केले, आणि अर्ध्या मिनिटात ते हात पुन्हा कमरेपर्यंत उतरले. कोणी नाचणे थांबवले नाही, पण आधीच्या गाण्याला जे अंग सुटले होते ते आखडले. गाणे संपल्यावर त्या मुलाने दोन वाक्यांत निकाल दिला, “दादा, बेस भरपूर आहे, पण ठोका येत नाही. नुसता गुरगुरतो.” मी घरी परत येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्या साउंडला दोष देत होतो, त्याचे बेसचे डबे जुने आहेत, त्याने ते भिंतीला चिकटवून ठेवले आहेत, वगैरे. परंतु आधीच्या गाण्यालाही डबे तेच होते आणि भिंतही तीच होती.

त्या वाक्याचा उलगडा करायला मला आठ दिवस लागले, आणि उत्तर माझ्या खोलीच्या लांबीत सापडले. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. ज्या स्वराच्या लहरीची लांबी खोलीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट असते, तो स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून पडतो. भिंतीजवळ तो फुगतो आणि खोलीच्या ऐन मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. माझ्या खोलीसाठी हा हिशोब सेकंदाला ४७ कंपने, म्हणजे ४७ हर्ट्‌झ असा येतो. आता काळी तीनचा खालच्या सप्तकातला, बेसचा षड्ज ४६ हर्ट्‌झच्या किंचित वर असतो. म्हणजे गाण्याचा जो सा सर्वांत जास्त वेळ वाजत होता, नेमका तोच सा माझ्या कानांना मिळत नव्हता, कारण पलंगामुळे टेबल खोलीच्या मध्यावर आले होते आणि मी त्या खड्ड्यात बसून मिक्स करत होतो, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवत होतो. बेस कमी वाटतो म्हणून मी तो वाढवला, तरी कमी वाटला म्हणून आणखी वाढवला, आणि असे करत करत त्या एका जागी पाच डेसिबल चढवून बसलो. माझ्या खुर्चीत ते बरोबर वाटत होते. मांडवात, जिथे समोरासमोर भिंती नाहीत, तिथे ते पाच डेसिबल उघडे पडले आणि त्यांनी किकचा ठोका गिळून टाकला.

गंमत अशी की हा अभिप्राय मला डीजेच्या आधी पंधरा दिवस मिळाला होता आणि मी तो ओळखला नव्हता. माझ्या पाठीमागच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर आहे. मी काम करत असताना आई दोनदा येऊन म्हणाली होती, “अरे, मांडणीवरची भांडी थरथरतायत, आवाज कमी कर.” मी आवाज कमी केला आणि दार लावून घेतले. भिंतीजवळ बेस फुगतो याचा याहून चांगला पुरावा कोणत्याही मापकाने दिला नसता. परंतु आई मिक्सविषयी बोलत नसून भांड्यांविषयी बोलत आहे असा माझा समज होता.

उपाय तसा स्वस्तात झाला. पलंग हलवला आणि टेबल असे सरकवले की माझे डोके समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर येईल. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसावे असा एक ठोकताळा आहे; तो प्रत्येक खोलीला लागू पडतोच असे नाही, पण मध्यावर बसण्यापेक्षा तो नक्की बरा. मग ४६ हर्ट्‌झला चढवलेले पाचही डेसिबल काढून टाकले. किकचा भरीवपणा त्याहून वर, ६० ते ७० हर्ट्‌झच्या दरम्यान ठेवला आणि तिची टोकदार चाहूल ३ ते ४ हजारांच्या दरम्यान थोडी उघडली. त्यावर कंप्रेसर, म्हणजे जोराचा आवाज आपोआप दाबणारे साधन, असा बांधला की किक पडताच बेस क्षणभर खाली वाकेल आणि पुढच्या मात्रेच्या आत उभा राहील. ११२ च्या लयीत एक ठोका ५३६ मिलिसेकंदांचा असतो आणि त्यात तीन मात्रा बसतात, म्हणजे एक मात्रा साधारण १७९ मिलिसेकंदांची. मी बेसला परतायला १५० मिलिसेकंद दिले. हा आकडा जेव्हा दीडपट झाला होता तेव्हा दुसरी मात्रा पोकळ वाटत होती, आणि सहा मात्रांच्या ठेक्यात दुसरी मात्रा पोकळ झाली की कमरेला धरायला काही राहत नाही.

दुसरा अभिप्राय धवलारणीचा, आणि तो माझ्या सर्वांत जास्त लक्षात राहिला आहे. माझी आत्या धवलारीण आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो की आगरी-कोळी लग्नांत विधींच्या वेळी धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. भटजी नसले तरी तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पार पडत आले आहेत. साहजिकच आत्या कोणतेही गाणे शब्दांसाठी ऐकते. ठोका, बेस, कोरस यांच्याशी तिला काही कर्तव्य नाही. माझ्या गाण्याच्या धृपदात ‘मांडवाच्या दारी’ अशी ओळ आहे. आत्याने एकदा ऐकले, दुसऱ्यांदा लावायला सांगितले आणि मग माझ्याकडे रोखून पाहत विचारले, “मांडवान दारू कनाला र आनलीस?”

सगळे हसले. मीही हसलो. पण मी शब्द लिहिलेले असल्यामुळे मला ‘दारी’ ऐकू येणारच होते. ज्याने ओळ लिहिली आहे त्याचे कान त्या ओळीच्या बाबतीत साक्षीला घेण्याच्या लायकीचे राहत नाहीत. मी शेजारच्या दोन पोरांना बोलावले आणि काहीही न सांगता ओळ लिहून द्यायला सांगितली. एकाने ‘दारी’ लिहिले, दुसऱ्याने ‘दारू’. म्हणजे आत्याच्या कानांत काही बिघाड नव्हता.

याचे कारण शोधताना स्वरांच्या उच्चाराविषयीची एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. ‘ई’ आणि ‘ऊ’ या दोन स्वरांत घशातून निघणाऱ्या आवाजाची खालची पट्टी जवळजवळ सारखीच असते, ३०० हर्ट्‌झच्या आसपास. त्यांच्यातला फरक दुसऱ्या पट्टीत असतो. ‘ऊ’ची दुसरी पट्टी हजार हर्ट्‌झच्याही खाली राहते, तर ‘ई’ची पार दोन हजारांच्या वर जाते. आता ही दुसरी पट्टी कोणी झाकून टाकली तर ऐकणाऱ्याला खालचीच पट्टी मिळणार आणि ‘ई’चा ‘ऊ’ होणार. माझ्या गाण्यात ती झाकणारा कोण होता? बेंजो. त्याच्या तारांची चकाकी दोन ते तीन हजारांच्या दरम्यान सगळ्यांत जोरदार असते, आणि मला तो चमचमाट इतका आवडला होता की मी तिथे आणखी तीन डेसिबल दिले होते. बहिणीने ‘दारी’चा ई लांबवला की त्याच क्षणी बेंजोची तान त्यावर येऊन बसत होती.

आत्याने दिलेला उपाय मात्र मी ऐकला नाही. तिचे म्हणणे होते की बेंजो काढून टाक आणि पोरीला मोठ्याने गाऊ दे. बेंजो काढला असता तर ते आमच्याकडचे गाणे राहिले नसते, आणि आवाज नुसता वर उचलला असता तर तो गाण्याच्या पुढे येऊन एकटा उभा राहिला असता. मी बेंजोला ईक्यू, म्हणजे आवाजातल्या हव्या त्या पट्ट्या कमीजास्त करणारे साधन, असा लावला की बहीण गात असेल तेवढाच वेळ त्याची ती एक पट्टी चार डेसिबलने मागे सरेल आणि ओळ संपताच परत येईल. शिवाय वादकाला पुन्हा बोलावून धृपदातली तान अर्ध्या आवर्तनाने पुढे ढकलायला लावली. खरे तर हे दुसरे केल्यावर पहिल्याची निम्मी गरज उरली नाही. मिक्समधल्या बऱ्याच तक्रारी मुळात वाद्ये कधी वाजवायची याच्या असतात, हे मी आधी वाचले होते, पण ते आत्याकडून कळायचे होते. याच अनुभवावरून मी विचारण्याची पद्धत बदलली. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी ‘कोणता शब्द कळला नाही?’, ‘कोणकोणती वाद्ये ऐकू आली?’ आणि ‘कुठे कंटाळा आला?’ एवढेच विचारू लागलो. या प्रश्नांना सभ्य उत्तर देण्याची सोय नसते.

वाद्ये मोजायला सांगितल्याचा फायदा लगेच दिसला. मोबाइलवर ऐकणाऱ्या सहांपैकी चौघांनी ढोलकी, बेंजो, टाळ्या अशी यादी दिली आणि बेसचा उल्लेखच केला नाही. फोनचा स्पीकर इतका लहान असतो की दोनशे हर्ट्‌झच्या खालचे त्यातून फारसे बाहेर पडत नाही, मग ४६ चा षड्ज तिथे कुठून येणार? परंतु कानाला एक चांगली सवय असते. मूळ स्वर गाळून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर ऐकवले तरी मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणून बेसवर थोडे सॅच्युरेशन चढवले, ज्यामुळे वरचे हे भाईबंद तयार झाले, आणि पुढच्या खेपेला एका मावशीने ‘मागून घुमतंय ते’ असा बेसचा उल्लेख केला. ज्यांना गाणे पाठवले त्यांना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची दक्षताही मी नंतर घेऊ लागलो, कारण एका मेहुण्याने स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेजमध्ये पुन्हा रेकॉर्ड केलेली प्रत पुढे चार घरांत गेली होती आणि त्या चार घरांतून ‘आवाज फाटतोय’ अशी तक्रार आली होती. त्या तक्रारीवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

ठाण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत काम करणारे एक परिचित आहेत. त्यांनी नुसते मिक्स ऐकायला नकार दिला आणि सगळे ट्रॅक सुटे मागवले. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मला कोणत्याही श्रोत्याकडून कळल्या नसत्या. पहिली ढोलकीविषयी. शाईच्या बाजूला एक आणि घुमणाऱ्या बाजूला एक असे दोन माइक मी समोरासमोर लावले होते. एका पुडीवर थाप पडली की ती आत जाते आणि आतली हवा दुसऱ्या पुडीला बाहेर ढकलते. म्हणजे एका माइकपासून चामडे दूर जात असते त्याच क्षणी दुसऱ्या माइककडे ते येत असते. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की खालचा घुमारा एकमेकांना खोडून टाकतो. त्यांनी फोनवरूनच विचारले, “एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून बघितलीत का?” एक बटण दाबले, त्या ट्रॅकची लहर उलटी झाली आणि दोन महिने पोकळ वाटणारी ढोलकी भरून आली. ती पोकळी भरण्यासाठी मी तोवर जे ईक्यूचे थर चढवले होते ते सगळे काढावे लागले, आणि काढताना लाजही वाटली.

दुसरी गोष्ट आवाजाविषयी होती. “ताईंचा आवाज चांगला आहे, पण त्यांच्या मागे तुमची खोली गातेय,” असे ते म्हणाले. मी गोधडी लावली होती, पण ती माइकच्या मागे. माइक मागून फारसे ऐकतच नाही. तो समोरून ऐकतो, आणि त्याच्या समोर गाणाऱ्याच्या पाठीमागची उघडी भिंत होती. त्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट माइकात शिरत होता, आणि नाचाच्या गाण्यासाठी कंप्रेसर जोरात लावल्यावर तो परतलेला आवाज आणखी वर येत होता. आम्ही आवाज पुन्हा रेकॉर्ड केला. या वेळी बहीण कपाटाची दारे उघडी टाकून कपड्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना दोरीवर आजीच्या दोन गोधड्या टांगल्या. मे महिना होता, पंखा बंद होता आणि तिने प्रत्येक टेकनंतर मला जे ऐकवले ते या लेखात देता येण्यासारखे नाही.

जोराच्या प्रश्नाने मात्र बराच वेळ खाल्ला आणि त्यातून समाधान असे काही निघाले नाही. डीजेचा दुसरा शेरा असा होता की त्याच्या इतर गाण्यांच्या मागोमाग माझे गाणे लावले की ते बारीक वाटते. माझे मिक्स -१४ एलयूएफएसच्या जवळपास होते (हे गाण्याचा जोर मोजायचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितके गाणे जोरात). इंटरनेटवरच्या काही मोठ्या सेवा गाणी साधारण याच पातळीला आणून वाजवतात म्हणून मी तो आकडा धरला होता. पण डीजेच्या पेन ड्राइव्हमध्ये कोणी काही समान करत नाही. तिथे जे गाणे जोरात भरले आहे ते जोरात वाजते. मी लिमिटर, म्हणजे आवाजाची शिखरे छाटणारे साधन, दाबत -८ पर्यंत गेलो. गाणे मोठे झाले, पण ढोलकीची थाप चापट लागल्यासारखी न वाटता उशी ठेवल्यासारखी वाटू लागली. आपला कान इतका लबाड आहे की दोन प्रतींतली किंचित मोठी प्रत त्याला बहुतेक वेळा अधिक चांगली वाटते, त्यामुळे दोन्ही प्रतींचा आवाज एका पातळीला आणून तुलना केली तेव्हाच ही उशी दिसली. शेवटी -९.५ वर थांबलो आणि शिखर -१ डेसिबलच्या वर जाऊ दिले नाही, कारण एमपी३ करताना शिखरे थोडी उसळतात. डीजेला ते अजूनही थोडे बारीकच वाटते. त्याला तसे वाटू द्यावे असे मी ठरवले आहे.

त्याच्या इतर दोन सूचना मात्र विनातक्रार मानल्या. एक म्हणजे सुरुवातीला नुसता ठेका हवा, कारण आधीच्या गाण्यातून माझ्या गाण्यात येताना त्याला लय जुळवायला जागा लागते. मी बेंजोच्या आलापीने सुरुवात केली होती, ती मला फार प्रिय होती, आणि डीजेच्या दृष्टीने ती निव्वळ अडचण होती. आता सुरुवातीला ठेक्याची सोळा आवर्तने आहेत, साधारण सतरा सेकंदांची, आणि आलापी पहिल्या कडव्यानंतर गेली आहे. दुसरी सूचना कोरसविषयी होती. कोरस रुंद वाटावा म्हणून मी एक ट्रॅक डावीकडे, एक उजवीकडे टाकून वर रुंदी वाढवणारा एक इफेक्ट लावला होता. मांडवातले साउंड बहुतेक वेळा मोनो, म्हणजे सगळ्या डब्यांतून एकच आवाज येईल असे, जोडलेले असते; एका बाजूचे लोक डाव्याच डब्याजवळ आणि दुसऱ्या बाजूचे उजव्याच डब्याजवळ नाचत असतात, त्यामुळे तसे जोडणेच शहाणपणाचे आहे. मोनोमध्ये माझा रुंद कोरस एकमेकांत विरून निम्मा झाला होता. इफेक्ट काढला, कोरस पुन्हा दोनदा गाऊन घेतला आणि तेव्हापासून प्रत्येक मिक्स आधी मोनो करून ऐकतो.

लयीविषयी सर्वांत जास्त मते आली आणि तिथे मी कोणाचेच ऐकले नाही. पोरांना ११८ हवी होती, बायकांना १०८. दोघांचेही बरोबर होते, कारण दोघे वेगवेगळ्या पावलांवर नाचतात. ११२ वर दोन्ही गट थोडे कुरकुरतात आणि दोन्ही नाचतात.

पाचवी प्रत घेऊन मी पुन्हा एका हळदीला गेलो. या वेळी कोणाला काही विचारायचे नाही असे ठरवले होते. मी डीजेच्या मागे स्टूल टाकून बसलो आणि गाण्याकडे लक्ष न देता फक्त हातांकडे पाहिले. सुरुवातीच्या ठेक्यावर हात वर गेले, धृपदाला वरच राहिले, पहिल्या कडव्यानंतर आलापीला काहींनी शिट्ट्या मारल्या. मग दुसऱ्या कडव्याआधी मी चार आवर्तनांचा जो विराम ठेवला होता, नुसत्या टाळ्या आणि एक दूरचा घुमारा, तिथे सगळे हात खाली आले. खोलीत तो विराम मला गाण्यातली सर्वांत सुंदर जागा वाटायचा. मांडवात तिथे माणसे गाणे संपले असे समजून घाम पुसू लागली, एक जण पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. घरी आल्यावर चारांचे एक आवर्तन केले. हा अभिप्राय कोणीही शब्दांत दिला नव्हता आणि विचारले असते तरी मिळाला नसता.

दहा वाजता डीजे बंद झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि त्या रात्री कोणाला हुज्जत घालायची इच्छा नव्हती. डबे शांत झाले तशी पोरांनी ढोलकी ओढून घेतली आणि टाळ्यांवर माझेच गाणे सुरू केले. बेस नव्हता, किक नव्हती, बेंजोवाला जेवायला गेला होता, ‘ई’ला झाकणारे मांडवात काहीच शिल्लक नव्हते, आणि समोर आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. पोरे धृपदावर आली, एकमेकांकडे पाहिले आणि सगळ्यांनी एका सुरात, अगदी स्वच्छ उच्चारांत, ‘मांडवाच्या दारू’ म्हटले.